आडदऱ्याची पाणवाट

सुकेशनीच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं सगळं आडदरा म्हणतं. म्हणणाऱ्यांचं काय जातं? ज्यांच्यावर आयुष्यात कधी रागवायची पाळी आली नाही, त्यांना दुसऱ्याचा राग नेहमी नाकावरच दिसतो. रेशन दुकानात मापात मारणाऱ्याला तिने रांगेसमोर उघडा पाडला, तेव्हा रांगेतलेच लोक म्हणाले, बाई लय तिखट आहे. तिच्या लेकीला शाळेत कायम मागच्या बाकावर बसवायचे, म्हणून ती सरळ वर्गात जाऊन पहिल्या बाकावर स्वतः बसली आणि म्हणाली, आता पोरीला पुढे आणा, मी उठते. तेव्हाही गाव हसलं. त्या दिवसापासून पोर पुढे बसते, हे मात्र कुणी सांगत नाही.

राणीसावरगावच्या पुढे, बालाघाटाच्या रांगांमध्ये हे गाव आहे. परभणी जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना काळी सपाट जमीन, कापूस आणि सोयाबीन एवढंच आठवतं. आडदऱ्यात मात्र गावामागची जमीन एकदम संपते आणि खाली घळ उघडते. त्या घळीच्या कड्याच्या पोटात, निम्म्या उंचीवर, बारा महिने वाहणारा झरा आहे. झऱ्यापर्यंत कड्याच्या अंगाअंगाने एक वाट जाते. जाताना डाव्या हाताला दगड, उजव्या हाताला नुसती हवा. बालाजी नावाच्या एका हौशी मास्तराने तिचं चित्रण फोनवरून जगभर पाठवलं, आणि हिवाळ्यातल्या रविवारी नांदेड-परभणीहून गाड्या येऊ लागल्या. त्या लोकांना कड्यावरून नेऊन परत आणायचं काम सुकेशनीचं. अंगात हिरवं जाकीट, पाठीवर ‘गाइड’ असं लिहिलेलं.

ती वाटेच्या तोंडाशी उभी राहते आणि आधी सगळ्यांना झापून घेते.

“डावा हात भिंतीला. उजव्या हातात काही धरायचं न्हाई. माझ्या पुढं कुणी जायचं न्हाई. ओ दादा, फोन आत ठेवा. घरी बायको हाय ना? तिला फोटो पायजे का नवरा?”

लोक हसतात, आणि फोन आत जातो. आजवर तिच्या हातून कुणाला खरचटलंही नाही.

सुकेशनीचं माहेर सेलू तालुक्यातलं वालूर. तिथे उंच म्हणजे बाजारातली माडी. लग्न होऊन ती आडदऱ्याला आली आणि दुसऱ्याच दिवशी सासूने, रुख्मिणीने, तिच्या डोक्यावर घागर ठेवून तिला या वाटेवर आणलं. सुकेशनी चार पावलं गेली आणि खाली बसली. रडली, चिडली, बापाला शिव्या दिल्या. रुख्मिणी तिचं रडणं संपेपर्यंत शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “झालं का? आता ऊठ. दरीकडं बघू नको, म्होरल्या पावलाकडं बघ. दरी कुटं जात न्हाई.” तेवढ्यावर ती उठली. पुढची काही वर्षं, वस्तीत नळ येईपर्यंत, ती रोज त्या वाटेने पाणी आणत होती.

आणि पहिल्याच आठवड्यात तिने तिथे एक गोष्ट पाहिली, जी तिला माहेरी सांगूनही कुणाला खरी वाटली नाही. वाटेच्या मध्यावर एक वळण आहे. कड्याचं नाक पुढे आलेलं, त्यामुळे समोरून कोण येतंय ते दिसत नाही, आणि दोघी एकमेकींना ओलांडून जातील एवढी रुंदीही नाही. म्हणून वळणाआधी प्रत्येक बाईने थांबायचं आणि ओरडून स्वतःचं नाव सांगायचं, आणि घागर भरलेली की रिकामी तेही. “रुख्मिणी, रिकामी!” “सुकेशनी, भरली!” रिकामीने मागे सरायचं, भरलीने पुढे यायचं. थोरली-धाकटी, सासू-सून, काही बघायचं नाही. त्या दिवशी रुख्मिणी रिकामी होती आणि सून भरलेली. सासू एकेक पाऊल मागे सरत रुंद जागेपर्यंत गेली, पाठ भिंतीला लावून उभी राहिली आणि सुनेला वाट दिली. साऱ्या महाराष्ट्रात तेवढ्या एका वळणावर सासू सुनेला वाट देत असेल. सुकेशनी त्या वाटेच्या प्रेमात पडली ती तिथे.

ही रीत का पडली, ते तिला नवऱ्याने, सिद्धोधनने, सांगितलं. सासू कधी बोलली नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या साली, अठ्ठ्याहत्तरला, मराठवाड्यात जे झालं, ते आडदऱ्यातही झालं. फरक इतकाच की ते पेपरात आलं नाही. बौद्ध वस्तीतली दोन पोरं परभणीला मोर्चात जाऊन आली, असं कळलं आणि गावाने वस्तीवर बहिष्कार टाकला. किराणा बंद, दळण बंद, शेतातली मजुरी बंद. गावच्या विहिरीवर वस्तीला आधीच वेगळा कोपरा आणि वेगळी वेळ होती, आता तीही बंद. हुकूम भगवानरावांचा. तेव्हा गावाचा कारभार त्यांच्या हातात होता आणि त्यांच्या शब्दापुढे जायची कुणाची छाती नव्हती. ओढ्याचं गढूळ पाणी पिऊन पोरं आजारी पडायला लागली. तेव्हा सुकेशनीचा सासरा आश्रुबा, त्याचे भाऊ आणि वस्तीतले बाकीचे गडी, सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडणारे, घण आणि छिन्न्या घेऊन कड्याला भिडले. झऱ्याकडे जाणारी कपार आधीची होती, पण वानरं जातील एवढीच. ती त्यांनी माणूस जाईल एवढी केली. बायकांनी पाट्या भरभरून दगडाचा चुरा वाहिला. वाट झाली, पाणी सुरू झालं. आणि दगडावर शेवाळ असताना एका सकाळी त्या वळणावर भरली घागर घेऊन परतणारी कमलबाई आणि रिकामी घेऊन निघालेली दुसरी एक बाई अचानक समोरासमोर आल्या. कमलबाई दचकली आणि खाली गेली. ती आश्रुबाची थोरली भावजय, म्हणजे रुख्मिणीची जाऊ. तेव्हापासून हाका सुरू झाल्या.

पुढे वरून साहेब लोक आले, गावाला समज दिली, विहीर उघडली. पण वस्तीतलं एकही माणूस त्या विहिरीवर गेलं नाही. नळ येईपर्यंत झऱ्याचंच पाणी प्यायले. “त्या पाण्याची चव लागली होती,” एवढंच रुख्मिणी म्हणते. वस्तीत या वाटेला पाणवाट म्हणतात.

आता भगवानराव नाहीत. त्यांचे चिरंजीव दत्तराव आहेत. पांढरे कपडे, मऊ आवाज, वस्तीत कुणाकडे लग्न असलं की सगळ्यांत आधी हजर, आणि येताना ‘जयभीम’ही बरोबर घालतात. दत्तराव वाईट माणूस नाही, असं सगळे म्हणतात. सुकेशनीला हेच जास्त डाचतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

गाड्या येऊ लागल्या तशी दत्तरावांनी पर्यटन समिती काढली आणि स्वतः अध्यक्ष झाले. गाइड म्हणून आधी पुतण्याला, महारुद्रला, जाकीट दिलं. महारुद्रच्या घरातलं कुणी पिढ्यान्पिढ्या त्या वाटेवर गेलं नव्हतं, कारण त्यांच्या दारात विहीर होती. दुसऱ्याच रविवारी तो वळणाजवळ मटकन खाली बसला आणि डोळे मिटून मारुतीचं नाव घेऊ लागला. मागे चौदा माणसं अडकली. शेवटी सुकेशनीला हाक गेली. ती चुलीवरचं कालवण तसंच टाकून धावली, एकेकाला बाहेर काढलं, सगळ्यांत शेवटी महारुद्रला. दुसऱ्या दिवशी ते जाकीट दत्तरावांनी तिच्या दारात आणून दिलं. मापाने मोठं होतं, तरी तिने घेतलं. कुणी मानो न मानो, तिला ते काम आवडायचं. ज्या वाटेवर डोक्यावर ओझं घेऊन चालली, तिथे आता मोकळ्या हाताने चालायचं आणि शहरातले जाडजूड साहेब आपल्या शब्दावर हलवायचे, हे कुणाला आवडणार नाही?

पण जाकिटाबरोबर एक गोष्टही आली.

“हे बघ सुकेशनी,” दत्तराव म्हणाले, “लोकं एवढ्या लांबून यायलेत. त्यांना काही तरी कथा पायजे. सांगायचं, पांडव वनवासात इथं होते. भीमानं एका रात्रीत वाट कोरली. नाव पांडवकडा. आणि ते वळण हाय ना, आवाज घुमतो ते, तिथं द्रौपदीनं भीमाला हाक मारली.”

“एका रात्रीत? माझ्या सासऱ्याच्या हाताची साल निघाली होती.”

“अगं, ते सांगत बसलीस तर लोकं म्हणतील, हे भांडणाचं गाव हाय. जुनं काहून उकरायचं? आता आपण सगळे एक हाव.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पांडवांनी देशात इतकी लेणी, इतक्या विहिरी, इतकी मंदिरं एकेका रात्रीत बांधली आहेत की त्यांना वनवासात झोप मिळाली असेल की नाही, शंकाच आहे. घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, ही आपल्याकडची जुनी चाल. आणि दुसरा कुणी सापडला नाही की पांडव असतातच.

सुकेशनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच घरी आली आणि सासूपुढे सगळं ओकली. रुख्मिणीचे गुडघे गेलेत, ती दारातल्या बाजेवर बसून असते. तिने ऐकून घेतलं.

“सांग की मग पांडव,” ती म्हणाली.

“आत्या! काय बोलायलाव तुमी?”

“ती लोकं वाटनं कुरकुरे खात जातेत. हसतेत, फोटू काढतेत. त्यांच्या तोंडात कमळजाऊचं नाव कशाला पायजे? द्रौपदीचं असू दे. तिला सवय हाय.”

सुकेशनीने चुलीतलं लाकूड उगाचच आत ढोसलं. सिद्धोधन गंगाखेडला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला; त्याचा रात्री फोन आला तर तो म्हणाला, “तू सोड ते काम, न्हाई तर सांग ते काय सांगायचं ते. रोज उठून डोकं फोडू नको.” काम सोडलं तर वाट महारुद्रकडे जाणार आणि एखाद्या रविवारी कुणीतरी खाली जाणार. काम धरलं तर पांडव सांगायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग तिने एक मधला मार्ग काढला. ती सांगायची, “पांडवांनी केली म्हणतेत.” त्या ‘म्हणतेत’वर ती असे दात आवळायची की पुढे विचारायची कुणाची हिंमत व्हायची नाही. वळणावर लोक द्रौपदीच्या नावाने ओरडायचे, घळीतून आवाज परत यायचा, पोरंसोरं खिदळायची, आणि सुकेशनी कड्याकडे तोंड करून उभी राहायची. सारा हिवाळा तिने असा गिळला. बाकी सगळ्या बाबतीत आगीचा लोळ असलेली बाई एवढ्या एका बाबतीत गप्प होती, म्हणून घरातल्या भांड्यांना पोचे पडले.

माघाच्या शेवटी जिल्ह्याहून एक मोठ्या मॅडम यायच्या ठरल्या. वाट बघतील, आवडली तर कठडे, पायऱ्या आणि वाटेच्या तोंडाशी एक मोठा फलक मंजूर होईल. फलकावर ‘पांडवकडा’ लिहायचं दत्तरावांनी पक्कं केलं होतं. सुकेशनीला ते कळलं, तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. तोंडची गोष्ट आज एक, उद्या दुसरी. पण दगडात कोरलं की संपलं; मग तिची नातवंडंही तेच वाचणार.

मॅडम आल्या. बूट घालून, पदर खोचून, अगदी तयारीने. बरोबर दोन पत्रकार, चारपाच कार्यालयातले लोक, आणि फोटोत यायला हवं म्हणून दत्तराव. जन्मात पहिल्यांदा ते त्या वाटेवर पाऊल ठेवत होते. आत गेल्यावर त्यांचं तोंड त्यांच्या कपड्यांसारखं झालं, पण जीभ चालूच.

वळणावर सगळे थांबले. “मॅडम, इथं हाक मारून बघा,” दत्तराव भिंतीला चिकटूनच म्हणाले. “द्रौपदीने इथूनच भीमाला हाक मारली होती. अजून आवाज घुमतो.”

मॅडम हसल्या, त्यांनी काही हाक मारली नाही. पण मागच्या एका पत्रकाराला चेव आला. त्याने तोंडाभोवती हात धरले आणि ओरडला, “द्रौपदीऽऽ, पाणी आण!”

“पाणी आण... आण...” घळीतून आलं. सगळे खो खो हसले. दत्तरावही.

“गप्प बसा!”

हे इतक्या जोरात आलं की घळीने तेही दोनदा ऐकवलं. हसणं जागच्या जागी मेलं. सुकेशनी वळली आणि वाट अडवून उभी राहिली. पुढे जायचं तर ती, मागे जायचं तर माणसांची रांग, खाली जायचं तर मग बोलायलाच नको.

“पाणी आण म्हणायलाव? आणलंय. द्रौपदीनं न्हाई, माझ्या सासूनं आणलंय, इथून, ह्याच वाटनं, डोक्यावर घागर घेऊन. म्या आणलंय. ही वाट पांडवांनी केली न्हाई. आश्रुबानं केली, त्याच्या भावांनी केली, वस्तीतल्या माणसांनी घणानं फोडली. काहून? गावात इहीर नव्हती म्हणून? इहीर होती. ती बंद कुणी केली ते ह्या दत्तरावांला इचारा, त्यांच्या घरातली गोष्ट हाय. आन् तुमी जिथं उभं ऱ्हाऊन दात काढायलाव ना, तिथून कमलबाई खाली गेली. भरली घागर होती डोक्यावर. तिच्यामागं हितं बाया आपलं नाव सांगून पुढं जायच्या, एकमेकीला मारू नये म्हणून. ती हाक हाय ही. तमाशा न्हाई.”

“सुकेशनी, हे बरं न्हाई,” दत्तराव पुटपुटले.

“तुमी भिंत धरा आन् गप ऱ्हावा. पडलाव तर मलाच उचलावं लागंल.”

पत्रकार खाली बघत होता, आणि खाली दरी असल्यामुळे त्याने लगेच वर बघितलं. मॅडमनी वळणाच्या दगडावर हात ठेवला. मग हळू म्हणाल्या, “हे फलकावर यायला हवं. पांडव नको. हे.”

“येणार मॅडम,” दत्तराव म्हणाले. आवाज पुन्हा मऊ झालेला. “शब्द देतो.”

सुकेशनीने सगळ्यांना एकेक करून बाहेर काढलं. दत्तरावांना दोनदा हात द्यावा लागला, तोही तिने दिला.

पुढचे दिवस गावात नुसती कुजबुज. गिरणीत बायका तिला बघून दुसरीकडे तोंड करू लागल्या. पारावरून कुणीतरी ओरडलं, “आली बघा, द्रौपदी.” पण जाकीट काढून घेतलं गेलं नाही, हेही खरं. उलट फलकाचं काम सुरू झालं, काळा चकचकीत दगड आला. रविवारी ती आता खरं सांगायची आणि लोक ऐकायचे. कुणी कुरकुरे खिशात ठेवायचे. सुकेशनीला वाटलं, आपण जिंकलो. चारपाच आठवडे ती कुणावरही ओरडली नाही, आणि शेजारणी काळजीने विचारू लागल्या, तब्येत बरी आहे ना?

घरात मात्र रुख्मिणी तिच्याशी बोलत नव्हती. कमळजाऊचं नाव तिने चव्हाट्यावर आणलं, हे सासूला लागलं होतं. भाकरी समोर ठेवली की खायची, ताट सरकवायची, बस्स.

एका सकाळी तीच आपणहून म्हणाली, “त्या दगडावर समद्यांची नावं लिहायलेत म्हणं.”

“हो आत्या.”

“कमळजाऊचं बी?”

“तिचं काहून न्हाई? तिचं तर पहिलं पायजे.”

रुख्मिणीने बाजेची सैल दोरी ओढून बसवली. “मला वाचता येत न्हाई. पण तू बोट लावून दाखव. कुटं लिहिलंय ते. हात लावून बघते.”

सुकेशनीला त्या दिवशी भाकरी थापता येईना. कमलबाई जाऊन इतकी वर्षं झाली. तिच्या नावाचा कुठे कागद नाही, फोटो नाही. आणि आता दगडात नाव.

अनावरणाच्या दिवशी मांडव होता, माइक होता, खुर्च्या होत्या. मॅडमची बदली झाली होती, त्या आल्या नाहीत. ज्येष्ठ महिला म्हणून रुख्मिणीचा सत्कार ठेवला होता. सिद्धोधनने तिला मोटारसायकलवरून वाटेच्या तोंडापर्यंत आणलं. पांढरंशुभ्र लुगडं, केस चोपून बसवलेले. दत्तरावांनी वाकून नमस्कार केला, “जयभीम, मावशी,” म्हणाले, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. मग त्यांनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला, पुन्हा टाळ्या झाल्या.

सुकेशनीने वाचलं. मग पुन्हा वाचलं. दगड चकचकीत होता, अक्षरं सोनेरी.

“काय लिहिलंय गं?” रुख्मिणीने विचारलं. “कमळजाऊ कुटं हाय?”

दत्तराव जवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बघ, पांडव काढले का न्हाई? तुझंच म्हणणं लिहिलंय. नाव बी तुमचंच ठेवलं, पाणवाट.” त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. हेच तर भयंकर होतं.

“वाच गं,” रुख्मिणी म्हणाली. सुनेचं मनगट तिने घट्ट धरलं होतं. “म्या एवढ्या लांब कशाला आले?”

सुकेशनीने वाचलं. जिच्या आवाजाने घळ दोनदा बोलायची, तिचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही जाईना. “पाणवाट, आडदरा. भीषण पाणीटंचाईच्या काळात समस्त ग्रामस्थांनी एकजुटीने व श्रमदानातून ही वाट साकारली. मार्गदर्शक...” ती थांबली.

“म्होरं?”

“मार्गदर्शक, कैलासवासी भगवानराव.”

“आन् कमळजाऊ?”

“न्हाई, आत्या. कुणाचंच न्हाई. आपल्यातलं कुणाचंच न्हाई.”

तिला वाटलं, दगड उचलावा आणि ती सोनेरी अक्षरं फोडून काढावी. तिला वाटलं, दत्तरावांच्या त्या मऊ तोंडात माती कोंबावी. आयुष्यभर ज्या रागाने तिला कधी दगा दिला नाही, त्याने आज दिला. पांडव परवडले होते. पांडवांनी निदान विहिरीवर पहारा बसवला नव्हता.

रुख्मिणीने सुनेचं मनगट सोडलं. नारळ खुर्चीवर ठेवला, शाल खांद्यावरून काढून घडी घातली आणि नारळाशेजारी ठेवली. मग गुडघ्यांवर हात रेटत उठली आणि दगडापर्यंत गेली. नाव नेमकं कुठे असायला हवं होतं, ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने अख्ख्या दगडावरून एकदा हात फिरवला. ती दत्तरावांकडे वळली. बोलली ते अगदी साध्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“टंचाई कुटली, दत्तराव? पाऊस लय झाला होता त्या साली. इहीर काठोकाठ भरली होती. वाकून हातानं घेतलं असतं तरी पाणी लागलं असतं हाताला. तुमच्या वडलांनी काठावर काठ्या घेऊन माणसं बसवली होती.”

दत्तरावांनी माइकवरचा हात काढला आणि खाली बघितलं.

“तुमी तवा लहान होताव,” रुख्मिणी म्हणाली, “पण त्या काठावरच खेळत होताव की.”